हिरवी वायर

तात्यांच्या घरात चाळीस वर्षं बाहेरच्या वायरमनला फक्त चहापुरता प्रवेश होता. यायचं, पायरीवर बसायचं, तात्यांनी केलेल्या वायरिंगचं कौतुक करायचं आणि कप खाली ठेवून निघायचं. बोर्डाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. त्यामुळे रविवारी सकाळी गाडीचा चार्जर बसवणारी बाई खांद्याला ड्रिलची पिशवी अडकवून फाटकातून आत आली आणि मेन बोर्ड कुठे आहे असं विचारत सरळ जिन्याखाली शिरली, तेव्हा थोरल्या सुनेच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने तात्यांकडे. तात्या पोर्चमधल्या खुर्चीत बसून होते. त्यांनी मान वळवली नाही.

तीन आठवडे या चार्जरवरून घरात जुंपली होती. तात्यांची नात चिमी फिजिओथेरपिस्ट. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचे हातपाय हलते करायचे हे तिचं काम. दिवसाला सात-आठ घरं, शहराच्या चार टोकांना. विजेवरची गाडी तिने त्यासाठीच घेतली, आणि मग रोज बाजारामागच्या चार्जिंगच्या जागेवर दीड-दोन तास रांगेत बसायची पाळी आली. शेवटची दोन घरं रोज चुकू लागली. उद्यापासून हॉस्पिटलने तिच्याकडे आणखी तीन रुग्ण सोपवले होते. घरी चार्जर लागणं भागच होतं.

तात्या आधी म्हणाले, घराला एवढा लोड झेपणार नाही. चिमीने वीज कार्यालयात खेटे घालून लोड वाढवून आणला. मग ते म्हणाले, आतली वायर बारीक आहे. तिने मीटरपासून पार्किंगपर्यंत बोटाएवढी जाड स्वतंत्र केबल टाकायचं ठरवलं. मग त्यांनी कारणं देणंच सोडलं. "विषाची परीक्षा कशाला घ्यायची?" एवढंच म्हणत राहिले. थोरला आणि थोरली नेहमीप्रमाणे तात्यांच्या बाजूला. थोरला प्लंबर, विजेतलं त्याला ओ की ठो कळत नाही असं तात्याच चारचौघांत सांगत. पण बापाची तळी उचलायला ज्ञान कशाला लागतं?

नवल केलं ते धाकट्याने, चिमीच्या बापाने. बस चालवणारा हा माणूस बायको गेल्यापासून सहा वर्षांत कशावरच मत देत नसे; भाजी अळणी झाली तरी मुकाट्याने जेवून उठायचा. परवा हात धुता धुता तो म्हणाला, "तिची गाडी आहे. चार्जर बसवून टाका." त्यावर विषय मिटला.

धाकट्याला दुखवायचं नाही, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. बायको गेली त्या सकाळी तिने त्याला छातीत जड वाटतंय म्हणून सांगितलं होतं. "गॅस असेल," असं म्हणून तो ड्यूटीवर गेला. तासाभराने ती वरच्या बाथरूममध्ये पडलेली सापडली. हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी लिहून दिलं. आपल्या त्या दोन शब्दांपायी धाकटा सहा वर्षं आतल्या आत जळत होता. आणि चिमी दर वर्षी न चुकता हृदय तपासून घेत होती. आईचं चाळिशीत बंद पडलं, मग आपलं कधी? दोन वर्षांपूर्वी तिने एका चांगल्या मुलाला नकार दिला तो याच भीतीने. कारण मात्र त्याला भलतंच सांगितलं.

चार्जरवाली कपाळावर चष्मा चढवलेली, फटकळ तोंडाची बाई होती. बोर्डाचं दार उघडून ती आत वाकून बघू लागली.

"कुणाचं काम हे?" तिने विचारलं. "वायरी अगदी वेणी घातल्यासारख्या बसवल्यात."

"आजोबांचं," चिमी म्हणाली. एरवी एवढ्या शब्दांवर तात्यांनी तिला जेवायला थांबवून घेतलं असतं. आज ते काही बोलले नाहीत. ऐकू आलं नसेल असं चिमीला वाटलं.

अकरापर्यंत केबल ओढून झाली. पार्किंगच्या भिंतीवर पांढरी पेटी लागली. पेटीला लागणारी अर्थची हिरवी वायर बाईने घरच्या बोर्डावरून घेतली. चिमीने गाडी मागे घेऊन प्लग लावला. आतून टक असा आवाज आला आणि पेटीवर लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावला, पुन्हा लाल. बाईने बटण दाबून बघितलं, प्लग पुसून बघितला, मग पिशवीतून मीटर काढून त्याच्या दोन सुया बोर्डात टेकवल्या. घोडं कुठे पेंड खातंय ते तिच्या लगेच लक्षात आलं.

"न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसायला नकोत," ती म्हणाली. "इथे सत्तर दिसतायत. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे तुमचा?"

चिमीने तात्यांकडे पाहिलं.

"खड्डा, खड्डा. जमिनीत पाइप पुरलेला असतो, मीठ-कोळसा घातलेला. ही हिरवी वायर त्याला जाऊन मिळते. करंट कुठे गळला तर तो माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावा म्हणून. हा चार्जर आधी अर्थ तपासतो. अर्थ नसेल तर गाडीला वीज देतच नाही, कितीही डोकं आपटा. आणि तुमची ही वायर कुठेच जात नाहीये."

थोरला जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. हिरवी वायर म्हटल्यावर तो कठडा सोडून सरळ उभा राहिला. पण अजून त्याला स्वतःलाही कारण उमगलं नव्हतं. ते उमगलं तात्यांच्या पुढच्या वाक्याने.

"न्यूट्रलवरून अर्थला एक जोड मारा," तात्या खुर्चीतूनच म्हणाले. "दिवा हिरवा होईल."

बाईने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्यांच्याकडे पाहिलं. "आजोबा, तुम्ही या धंद्यात आयुष्य काढलंत. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट येईल. दार उघडायला हात लावला की पोरगी चिकटेल. मी असले जोड मारत नाही."

थोरल्याला आपण ऐकतोय ते खरं वाटेना. याच जोडापायी तात्यांनी एका मदतनिसाला गिऱ्हाइकासमोर कानफटवला होता. माणसं मारायचं लायसन मिळालंय का तुला, असं विचारलं होतं. तोच माणूस आज आपल्या नातीच्या गाडीला तो जोड मारायला सांगत होता. म्हणजे खड्डा कुठेय या प्रश्नाचं उत्तर तात्यांना माहीत होतं, आणि ते द्यायचं नव्हतं. आता थोरल्याला सगळं आठवलं. तो पाणी प्यायला म्हणून आत निघून गेला.

चिमी अजून बोर्डापाशीच होती. बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला तात्यांनी चाळीस वर्षांतल्या कामांची नोंद पेन्सिलीने केलेली होती. काम केलं की दारावर तारीख टाकायची, मगच पक्कड खिशात. ही त्यांची सवय इतकी मुरलेली होती की शेजाऱ्याचा बल्ब बदलला तरी त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे जाई.

"हे काळं यंत्र काय आहे?" चिमीने विचारलं.

"ते ईएलसीबी. करंट कुठे गळला की मेन पाडतं. हे आहे म्हणून तुम्ही सगळे धडधाकट आहात. अर्थिंग नसलं तरी हे काम करतं." बाईने वायरी पुन्हा सरळ करत सांगितलं. "पण कमाल आहे. एवढ्या जुन्या घरात आपणहून कुणी हे बसवत नाही. ज्याने बसवलं, त्याला अर्थिंग नाही हे ठाऊक असणार."

चिमीने दारावर बोट फिरवत सर्वांत खालची ओळ वाचली. ईएलसीबी बसवला. पुढे तारीख. तिने ती दोनदा वाचली. आई अकरा तारखेला गेली होती. ही तारीख त्याच महिन्यातली होती, सोळा.

बाईला चौकापलीकडे आणखी एका घरी जायचं होतं. "दोन तासांत येते," ती पिशवी उचलत म्हणाली. "तोवर खड्डा कुठे घ्यायचा ते ठरवा. खणायला माणसं लागतील." तिला या घरातलं काही माहीत नव्हतं, आणि तिने विचारलंही नाही.

स्वयंपाकघरात थोरली कणीक मळत होती. नवऱ्याचा चेहरा बघून तिने परातीतून हात काढला.

"मी सोडली होती ती वायर," थोरला म्हणाला.

"कुठली वायर?"

"लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचे टाकले ना आपण सगळ्या घरात? तेव्हा. मागची खोली वाढवली त्या वेळी जुना खड्डा तिच्या पायाखाली गेला. नवा खणेपर्यंत म्हणून तात्यांनी ती वायर पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधली होती. पाइप जमिनीत जात होता, त्यामुळे चालून जात होतं. मी पाइप काढले तेव्हा ती सोडून खिळ्याला अडकवली. प्लॅस्टिकला बांधून काय उपयोग?"

"मग तात्यांना सांगायचं नाही का?"

"आम्ही बोलत होतो का तेव्हा?"

थोरलीला आठवलं. एका गिऱ्हाइकासमोर तात्या हसत म्हणाले होते, "माझ्या पोराने जोड मारला की मी खाली बादली लावतो." तेवढ्यावरून बाप-लेक आठ महिने बोलले नव्हते. एका घरात, एका टेबलावर जेवून. मीठ हवं असलं तरी सुनांना सांगायचे. या घराची ती रीतच होती. भांडणात निरोप जायचे ते धाकटीच्या, चिमीच्या आईच्या तोंडून, कारण ती दोघांचीही लाडकी होती आणि निरोपातला राग गाळून पोचवायची.

"तिला सांगितलं होतं मी," थोरला म्हणाला. "तात्यांना सांग म्हणून. चार महिन्यांनी ती गेली."

थोरली खुर्चीवर बसली. कणकेचे हात तिने मांडीवर ठेवले. मग ती म्हणाली, "ती पडलेली मला दिसली ना, तेव्हा नळ चालू होता. मी बंद करायला गेले तर हाताला झिणझिण्या आल्या. खांद्यापर्यंत. मला वाटलं, घाबरलेय म्हणून."

"मला का नाही बोललीस?"

"काय बोलू? घरात माणूस गेलं आणि मी माझ्या हाताच्या झिणझिण्या सांगू?" तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "हे बघा, झाकली मूठ झाकलेली राहू द्या. आजच्या आज खड्डा खणून घ्या, पोरीचा चार्जर चालू करा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तात्यांचं वय काय, तुमचा रक्तदाब काय. गेलेलं माणूस परत येणार आहे का?"

"ती नाही येणार."

"मग?"

"धाकटा रोज ड्यूटीवर जाताना बाथरूमच्या दारात थांबतो. बघितलंयस तू. मीही बघितलंय. त्याला वाटतं, त्याने मारलं तिला."

थोरली वाईट बाई नव्हती. तीस वर्षं या घराचे तुकडे होऊ न देता तिने ते सांभाळलं होतं, आणि ते कसं सांभाळायचं याची एकच युक्ती तिला येत होती, ती म्हणजे न बोलणं. तिने परात पुन्हा पुढ्यात ओढली आणि आधीच मळून झालेली कणीक मळत बसली.

बाहेर पोर्चमध्ये चिमी तात्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली होती. आजोबांशी सगळं बोलून दाखवायची तिला लहानपणापासून सवय. अंक वाचायला ती बोर्डाच्या त्या दारावरच शिकली होती.

"आजोबा, सोळा तारखेला काय झालं होतं?"

तात्यांनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली.

"वरचा गीझर काढला होता मी," ते म्हणाले. "तुला आठवत असेल. आठवण नको म्हणून काढला, असं सगळ्यांना सांगितलं."

"हो."

"मागच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. करंट दिला आणि पत्र्याला टेस्टर टेकवला."

चिमीला आता पुढचं कळलं होतं, आणि ते आजोबांच्या तोंडून ऐकायची तिला भीती वाटत होती.

"लागला दिवा," तात्या म्हणाले.

त्या दिवशी मागच्या खोलीत दार लावून ते किती वेळ बसले होते, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. गीझर त्यांनीच बसवलेला. अर्थिंग असतं तर करंट जमिनीत गेला असता, फ्यूज उडाला असता, धाकटी सून ओरडून खाली आली असती आणि तात्या टेस्टर घेऊन वर गेले असते. फ्यूज उडाला नव्हता. तेव्हा त्यांना ओले हात पदराला पुसत आपल्या खुर्चीसमोर उभी राहिलेली सून आठवली, आणि तिने आणलेला निरोप आठवला. दुसरा एखादा असता तर त्याने डोकं भिंतीवर आपटून घेतलं असतं. तात्यांनी बाजारात जाऊन ईएलसीबी आणला आणि बसवला. घरात आणखी कुणी मरायला नको, एवढी अक्कल शिल्लक होती. खड्डा मात्र खणला नाही. खड्डा खणायचा तर अंगण फोडावं लागलं असतं, आणि आजच का, असं घरादाराने विचारलं असतं. दारावर तारीख टाकली ती हाताने सवयीने टाकली. ती खोडायला ते नंतर दोनदा रबर घेऊन गेले होते. दोन्ही वेळा तसेच परत आले.

"म्हणजे आईचं हृदय..." चिमी म्हणाली.

"चांगलं होतं. तुझंही चांगलं आहे."

चिमीने गुडघ्यात तोंड घातलं. तिला आईचं दुःख व्हायला हवं होतं, आजोबांचा राग यायला हवा होता. पण सगळ्यांत आधी तिच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं याचीच तिला लाज वाटली.

"बाबांना कोण सांगणार?"

"मी."

"काकांना माहीतेय?"

तात्यांनी उत्तर द्यायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारातून थोरला म्हणाला, "माहीतेय."

धाकटा दीडला आला. अंगावर बसचा युनिफॉर्म, हातात डबा. फाटकातूनच त्याने भिंतीवरची पांढरी पेटी पाहिली आणि त्याचा चेहरा किती दिवसांनी उजळला.

"लागला का गं? झाला सुरू?"

"नाही बाबा. अर्थिंग नाहीये म्हणतात."

"तात्यांच्या घरात अर्थिंग नाही?" धाकटा हसला. "उद्या म्हणशील, दादाच्या घरात नळाला पाणी नाही."

कुणी हसलं नाही. त्याने एकेकाकडे पाहिलं. थोरली दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. दादा भिंतीकडे बघत होता. तात्या काठीचा आधार घेऊन उभे राहायच्या खटपटीत होते, आणि चिमी त्यांना हात देत नव्हती. हे शेवटचं पाहून धाकट्याने डबा खाली ठेवला.

"काय झालंय?"

तात्या उभे राहूनच बोलले. एक गोष्ट सोडून त्यांनी काही गाळलं नाही. मागच्या खोलीचा पाया, पाइपाला बांधलेली वायर, प्लॅस्टिकचे पाइप, गीझर, टेस्टर, सोळा तारीख. गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगताना बोलायचे तसे सावकाश, एकामागून एक. थोरल्याने मध्येच सांगितलं की वायर त्याने सोडली होती. थोरलीने, कुणी न विचारता, आपल्या हाताच्या झिणझिण्या सांगितल्या. इतकी वर्षं गप्प राहण्यात पटाईत असलेली ती बाई सगळ्यांआधी रडायला लागली.

धाकटा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला. त्याने युनिफॉर्मचं वरचं बटण काढलं.

"म्हणजे तिला खरंच गॅसच झाला होता," तो म्हणाला.

त्याच्याकडे बघायची कुणाची हिंमत होईना. खाली मान घालून त्याने सहा वर्षांतलं काय काय उलटंपालटं केलं असेल, देव जाणे. डॉक्टरकडे नेलं असतं तर, ड्यूटी बदलून घेतली असती तर, अर्धा तास थांबलो असतो तर. या सगळ्या प्रश्नांना आता काही अर्थ उरला नव्हता, आणि एवढी वर्षं जवळ बाळगलेली गोष्ट एकदम हातातून गेली की माणूस बावचळतो, तसा तो बावचळला होता.

"तिला ठाऊक होतं?" त्याने विचारलं. "वायर सुटलीय ते?"

तात्या आणि थोरल्याने एकमेकांकडे पाहिलं. ही एक गोष्ट दोघांनीही सांगायची बाकी ठेवली होती.

"निरोप तिच्याकडेच दिला होता मी," थोरला म्हणाला. "तात्यांशी बोलणं नव्हतं माझं."

"पोचवला तिने?"

"पोचवला," तात्या म्हणाले.

"कसा? तिचे शब्द सांगा."

तात्यांना शब्द आठवायला वेळ लागला नाही. सहा वर्षं ते रोज ऐकत होते. "म्हणाली, 'तात्या, पाइपावरची हिरवी वायर सुटलीय, बघून घ्या असं दादा म्हणालेत.' मी म्हटलं, 'ज्याने सोडली, त्याने येऊन सांगावं.'"

"मग?"

"हसली. 'तुम्ही दोघं म्हणजे ना,' म्हणाली. आणि गेली."

"माझ्याकडे आली," थोरला म्हणाला. "तात्या असं म्हणतायत, जाऊन सांगा ना एकदा, म्हणाली. मी म्हटलं, गरज असेल तर विचारतील. पुन्हा एकदा म्हणाली ती. दोन दिवसांनी. मी ओरडलो तिच्यावर."

चिमीला आई डोळ्यांसमोर दिसली. जिन्यावरून खाली, जिन्यावरून वर, दोन हट्टी पुरुषांच्या मध्ये एकच वाक्य घेऊन हेलपाटे घालणारी. त्या वाक्यात आपला जीव आहे हे तिला कुठे ठाऊक होतं. चिमीला कुणाला तरी मारावंसं वाटलं, आणि मारण्याजोगी समोर जी दोन माणसं होती, त्यांच्याच अंगाखांद्यावर ती खेळली होती.

"दादा," धाकटा म्हणाला. "तात्यांच्या समोर ये."

"काय?"

"तात्यांच्या समोर उभा राहा. आणि तेव्हा जे सांगायचं होतं ते सांग. तुझ्या तोंडाने."

"भाऊजी, आता काय उपयोग त्याचा?" थोरली म्हणाली. "जे झालं ते..."

"वहिनी, तुम्ही मध्ये बोलू नका." तो मोठ्याने बोलला नाही. पण वहिनीला गप्प राहायला सांगण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. "सांग, दादा."

साठीला टेकलेला थोरला पुढे झाला. तात्यांपासून हातभर अंतरावर थांबला. पाइप वाकवून वाकवून जाड झालेले त्याचे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. शेवटी त्याने ते मागे बांधले.

"तात्या," तो म्हणाला, "पाइप बदलताना हिरवी वायर सुटलीय. मी सोडलीय. तेवढी बघून घ्या."

तात्या काठीवर आणखी वाकले. चिमीने पुढे होऊन त्यांचा दंड धरला. धाकटा बापाच्या तोंडाकडे टक लावून बघत होता, जणू अजूनही त्यांच्या उत्तरावर सगळं ठरणार होतं.

"बरं," तात्या म्हणाले. "लगेच जोडतो."

"एवढंच," धाकटा म्हणाला. "एवढंच बोलायचं होतं."

आणि तो बाहीत तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागला. बायको गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. त्या दिवशी रडायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं होतं. चिमी जाऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसली. थोरला दोन पावलं पुढे आला. धाकट्याने मान वर न करता तळहात उभा धरला, आणि थोरला होता तिथेच थांबला.